वाचाशेष

मेलेल्या माणसाला कायद्यात काय म्हणायचं, हा प्रश्न चारुशीला कशेळीकरला सगळ्या नोकरीत कधी पडला नव्हता. मयत. संपलं. मिरजेच्या न्यायालयात ती भाषांतरकार होती. निकाल, अर्ज, मृत्युपत्रं मराठीत आणताना हा शब्द तिच्या हातून इतक्यांदा गेला होता, की नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत झाला होता. माणूस घरात 'जातो', शेजारी 'वारतो', वर्तमानपत्रात 'दिवंगत' होतो, लग्नपत्रिकेत 'कैलासवासी' होऊन आशीर्वाद देतो. न्यायालयाच्या पायरीवर आला की मात्र सगळ्यांना एकच शब्द. त्या शब्दाला हसू नाही, रडू नाही. तो लागला की वारसा उघडतो, लग्न संपतं, दिलेली मुखत्यारी रद्द होते, आणि माणसाच्या नावावरचे हक्क दुसऱ्याच्या नावावर जायला मोकळे होतात.

आणि आता त्याच शब्दापाशी तिचं गाडं अडलं होतं.

"चारू, अगं किती दिवस लावतेस?" मुंबईहून भाषा विभागाच्या उपासनी मॅडमचा फोन आला. "विधेयक सोमवारी समितीपुढं जायचंय. इंग्रजी मसुदा तयार आहे. मराठीत त्या माणसांना काय म्हणायचं तेवढं आणि एका वाक्यात व्याख्या. 'अनुवर्ती' कसं वाटतं? पुढं चालू राहिलेला, अशा अर्थी?"

"म्हणजे ते जिवंत धरायचे का मॅडम?"

"ते आपण ठरवायचं नाही. आपण शब्द द्यायचा."

"शब्द दिला की ठरलंच की."

मॅडम हसल्या. "म्हणून तर तुला विचारते. इथं सगळे एसीत बसून शब्द पाडतायत. तुझ्या घरात तो प्रश्न रोज चहाला बसतो."

हे मात्र खरं होतं.

चारूचे वडील अच्युतबुवा कशेळीकर कीर्तनकार. कृष्णाकाठच्या गावोगावी त्यांचं कीर्तन म्हणजे सणच. पूर्वरंगात असं निरूपण करायचे की शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही आपल्याशीच बोलतायत असं वाटावं, आणि उत्तररंगात आख्यान लावलं की लोक उठायचं विसरत. अशा माणसाची वाचा अर्धांगाच्या झटक्यानं गेली. डोकं शाबूत, मनात शब्द उभे, पण ओठापर्यंत येईनात. तेव्हा डॉक्टर इनामदारांनी त्यांच्या मेंदूवर, जिथं बोलणं घडतं त्या भागावर, कोळ्याच्या जाळ्याहून बारीक अशी एक जाळी बसवली. त्या जाळीतून निघणारे संकेत एका पानाच्या डब्याएवढ्या यंत्रात जात आणि यंत्र बुवांच्याच जुन्या आवाजात बोले. त्या यंत्राचं नाव वाचासेतू.

डॉक्टरांनी तेव्हा समजावून सांगितलं होतं. यंत्राला मनातलं वाचता येत नाही. ते समोरच्याचं बोलणं ऐकतं आणि अंदाज बांधतं. मेंदूत थोडी हालचाल झाली की, 'आता बुवा हा शब्द म्हणणार' असं धरून तो म्हणून टाकतं. चुकला अंदाज, तर माणसानं सांगायचं की चुकलास. म्हणजे पुढच्या वेळी ते शहाणं होतं. बुवांचा डावा हात चांगला होता. त्यांनी हातात चिपळी घेतली आणि यंत्र चुकलं की चिपळी दोनदा वाजवायला सुरुवात केली. ती वाजवताना मेंदूत उठणारा नकार जाळीतून यंत्राला कळे. टक् टक्. पहिल्या वर्षी घरात दिवसभर चिपळीच वाजे. आई म्हणायची, "अहो, बोलताय का भजन करताय?" पुढं पुढं आवाज कमी होत गेला. शेवटच्या वर्षी अख्ख्या कीर्तनात एखाद्या वेळी वाजायची. तोवर शंभरातले नव्वद शब्द यंत्र आपणहून, बुवांच्या मनात ते पुरते उभे राहायच्या आधीच, बोलत होतं. आणि बरोबर बोलत होतं.

मग भाद्रपदात बुवा गेले. झोपेत, शांतपणे. कृष्णेच्या घाटावर त्यांना अग्नी दिला. घरी परत आल्यावर आईनं सवयीनं डब्याकडं पाहून म्हटलं, "अहो, पाणी तापलंय." आणि डब्यातून आवाज आला, "आलोच."

असं एकट्या कशेळीकरांकडं झालं नाही. राज्यात वाचासेतू बसवलेली बरीच माणसं होती, आणि त्यातल्या गेलेल्यांपैकी बहुतेकांचे डबे बोलत राहिले. कुणाच्या डब्यानं जमिनीच्या वाटणीला हरकत घेतली, कुणाच्या डब्यानं मुलीच्या लग्नाला. प्रकरणं न्यायालयात गेली. शेवटी सरकारनं आदेश काढला, की नवा कायदा होईपर्यंत अशा कुणाचीही नोंद मयत म्हणून करू नये. रकान्यात लिहायचं, 'निर्णयाधीन'.

कायद्याला अशी माणसं अगदीच अनोळखी नव्हती. सात वर्षं बेपत्ता माणूस जिवंत असला तरी कायदा त्याला मेलेला मानतो. संन्यास घेतलेला माणूस तुमच्या दारात भिक्षेला उभा असतो, पण जुन्या धर्मशास्त्राप्रमाणं त्याच्या घरादारापुरता तो मेलेला असतो. पोटातलं मूल जन्मलेलं नसतं, तरी वारसापुरतं जन्मलेलं धरतात. श्वास घेणाऱ्याला मेलेला म्हणायचं कायद्याला जमलं होतं. जळून गेलेल्याला जिवंत म्हणायचं का, हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

*

ब्राह्मणपुरीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत सकाळचा चहा तिघांचा असायचा. आई डब्यापुढं कप ठेवत नसे, तेवढी ती व्यवहारी होती. पण बोलणं सगळं त्याच्याशी.

"अहो, गुरुप्रतिपदा आली. घाटावरच्या दत्तमंदिरात तयारी सुरू झाली."

"हो ना," डब्यातून बुवा म्हणाले. तोच किंचित घोगरा, गोड आवाज. "यंदा उन्हाळा लवकर पडलाय. मंडपाला पाण्याचे माठ ठेवायला सांग."

चारूनं कप खाली ठेवला. दर वर्षी ह्या सुमारास ती हा प्रश्न विचारायची. बुवा हिंडते-फिरते होते तेव्हाही, आजारात असतानाही. त्यांच्याकडंच ती शिकली होती. त्यांच्या मागं उभं राहून झांज धरायची, पदं उचलायची. लहान गावांतून तिनं स्वतः कीर्तनं केली होती. पण घाटावरची, माघातल्या गुरुप्रतिपदेची कीर्तनसेवा म्हणजे कशेळीकरांची गादी. तिथं बुवांनी सांगितल्याशिवाय उभं राहायचं नाही, हे ठरलेलं.

"बाबा, यंदा मी उभी राहू का?"

"राहशील की. तुझ्यातच आहे ते." मग आवाज प्रेमानं म्हणाला, "अजून वेळ आहे."

दर वर्षी हेच उत्तर. चारूला त्याचा राग कधी आला नव्हता. आंबा दाबून बघतात तसे बाबा तिला दर वर्षी दाबून बघत, आणि एक दिवस 'पिकला' म्हणणार, ही तिची खात्री होती. पण बघणारे डोळे आता राहिले नव्हते. डब्यापुढं ती आणखी वीस वर्षं उभी राहिली असती, तरी हा आंबा पिकायचा नव्हता.

तिनं डॉक्टर इनामदारांना मुद्दाम जाऊन विचारलं होतं, "डबा शिकतो ना अजून?"

"नाही हो," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "शिकायला चूक कळावी लागते. चुकलं म्हणून सांगणारे बुवाच होते. ते गेले त्या दिवशी यंत्र जिथं होतं, तिथंच आहे. तुम्ही नवीन काही विचारलंत तर उत्तर देईल, अगदी त्यांच्यासारखं देईल. पण कोणत्याही उत्तराचा त्याला पस्तावा होणार नाही."

आईला चारूनं हे सांगितलं नव्हतं. सांगून करायचं काय? संध्याकाळी दिवा लावल्यावर आई पेटी काढून बसायची. भात्यावर तिचा हात पडला की डब्यातून बुवा पद उचलायचे. पन्नास वर्षांची साथ. भाद्रपदानंतर आई सावरली ती त्या आवाजानं. मसुद्यात 'मयत' लिहिलं, तर आईच्या घरातून तो आवाज उचलून नेणार की काय, हे चारूला ठाऊक नव्हतं. 'अनुवर्ती' लिहिलं, तर डबा कायमचा माणूस ठरणार. मग गादीबद्दल त्यालाच विचारत राहायचं. आज तिनं, उद्या तिच्या शिष्यांनी.

दुपारी मंदिराचे विश्वस्त तात्या किणीकर आले. घाम पुसत पाटावर टेकले.

"वहिनी, यंदाचं काय करायचं? वकिलाला विचारलं. म्हणाला, बुवा मयत नाहीत, तेव्हा सेवा त्यांचीच. दुसऱ्याला द्यायची तर त्यांनी द्यायची."

"मग त्यांनाच विचारा की," आई म्हणाली. "समोर बसलेत."

तात्या डब्याकडं वळले, नकळत सदरा सारखा केला. "बुवा, नमस्कार. गुरुप्रतिपदेला कोण उभं राहणार?"

"तात्या, असा कसा प्रश्न?" डबा हसला. "सेवेला मी येतोच."

तात्यांचे डोळे पाणावले. "बघा वहिनी. शब्दाचा माणूस. तांबडी पगडी ठेवू ना आपण वरती? लोकांना बरं वाटेल. मुंबईची एक कंपनी हवेत आकृतीसुद्धा उभी करून देते म्हणे."

"पगडी डोक्यावर घालतात तात्या, डब्यावर नाही," आई म्हणाली. "आणि आकृती-बिकृती नको. आवाज आहे तेवढा पुरे."

"चारू असेलच ना झांजेला?"

"आहे," चारू म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

*

गुरुप्रतिपदेला दुपार कलल्यावर घाट भरून गेला. बुवांचा आवाज पुन्हा ऐकायला मिळणार म्हणून लांबलांबची माणसं आली होती. मंडपात मधोमध चौरंग, चौरंगावर शेल्याची घडी, आणि घडीवर डबा. डाव्या हाताला आई पेटी घेऊन, उजव्या हाताला तबलजी, मागं झांज घेऊन चारू. खाली कृष्णेचं पाणी उन्हात पितळेच्या परातीसारखं चकाकत होतं.

आईनं सूर दिला. डब्यातून नमन उमटलं, आणि सगळ्या मंडपाच्या अंगावर काटा आला.

खोटं कशाला बोला, पूर्वरंग अप्रतिम झाला. सद्गुरू शिष्याला कसा घडवतो, हे निरूपण. दृष्टान्तामागून दृष्टान्त, मध्येच एक कोटी, हशा, हशा विरायच्या आत पद. तबलजीनं सम गाठली की जुनी मंडळी मान डोलवत होती. चारूच्या हातातली झांज चालू होती आणि गालावरून पाणी वाहत होतं. तिला वाटलं, हे मेलेलं कसं असेल? उगाच आपण शब्दांचा कीस काढत बसलो. 'अनुवर्ती'च बरोबर. घरी गेलं की तसंच लिहून टाकायचं.

पूर्वरंग संपला. नामाचा गजर सुरू झाला. ह्या वेळी कीर्तनकाराला बुक्का लावायचा आणि गळ्यात हार घालायचा, ही रीत. तात्या हार घेऊन पुढं आले आणि घुटमळले. डब्याला गळा कुठला? शेवटी त्यांनी हार डब्याभोवती घातला. फुलांच्या मधोमध तो काळा चौकोन असा काही दिसला, की पुढच्या रांगेतल्या बायकांचा गजर अडखळला. आईनं मान खाली घालून भाता जोरात ओढला.

तेवढ्यात चारूला मंडपाच्या कडेला सुनंदा अंबी दिसली.

अंबी म्हणजे घाटावरचे नावाडी. सुनंदाचा एकुलता एक मुलगा गेल्या महिन्यात ह्याच घाटासमोर भोवऱ्यात सापडून बुडाला होता. पोहताना दमछाक झालेल्या कुणाला तरी वाचवायला म्हणून त्यानं नाव सोडून उडी मारली होती. तेव्हापासून सुनंदा घराबाहेर पडली नव्हती. रडलीही नव्हती, असं बायका सांगत. आज कुणीतरी धरून आणली असावी. खांबाला टेकून ती बसली होती, डोळे कोरडे, हात मांडीवर उताणे.

उत्तररंगात आज कुठलं आख्यान लागणार, हे घाटावरच्या पोरासोरांना ठाऊक होतं. गुरुप्रतिपदेला बुवा दर वर्षी त्यांचं स्वतःचं आख्यान लावायचे. दत्तभक्त नावाडी साधूंना पैलतीरी नेत असतो. त्याचा मुलगा नावेतून पाण्यात पडतो. नावाडी गजर थांबवत नाही, वल्हं सोडत नाही, साधूंना पोचवतो, आणि परत येतो तेव्हा मुलगा काठावर हसत उभा असतो.

सुनंदाचा मुलगा काठावर उभा राहणार नव्हता.

चारू झांज खाली ठेवून वाकली. डब्याला कान होते, डोळे नव्हते. ती त्याच्याजवळ कुजबुजली, "बाबा, समोर सुनंदा बसलीय. तिचा मुलगा बुडून गेला. हे आख्यान नको. दुसरं लावा."

बुवांची एक सवय होती. कीर्तनात कुणी कुजबुजलं की ते रागवायचे नाहीत. मोठ्यानं गजर उचलायचे, म्हणजे कुजबुजणारा ओशाळून त्यात मिसळून जायचा. डब्यानं तेच केलं. कुजबुज ऐकली आणि असा गोड गजर उचलला, की अख्खा मंडप टाळ्या वाजवत उठला. आवाज हळूहळू खाली आला. "ऐका मंडळी. कृष्णेच्या काठी एक नावाडी होता..."

आख्यान लागलं.

चारू झांज उचलायची विसरली. तिला जुनी एक संध्याकाळ आठवली. बुवा आजारी, चाकाच्या खुर्चीत, डबा मांडीवर. सासरी निघालेल्या लेकीचं आख्यान ऐन रंगात आलेलं. समोर एक मुलगी बसलेली. नवऱ्यानं टाकलेली, आठवड्यापूर्वी माहेरी परतलेली. बुवांची नजर तिच्यावर गेली मात्र, चिपळी वाजली. टक् टक्. डबा थांबला. बुवांनी लेकीला वाटेतूनच माघारी आणली, आईच्या हातचं जेवू घातलं, आणि कथा तिथं संपवली. घरी आल्यावर म्हणाले होते, "आख्यान माझं पाठ आहे गं. ऐकणारा पाठ नसतो. तो दर वेळी नवा असतो."

डबा ती संध्याकाळ विसरला नव्हता. सासरी निघालेल्या लेकीचं आख्यान असतं, तर कदाचित तो वाटेत थांबलाही असता. पण नजर कुणावर टाकायची, हे त्याला चिपळीनं शिकवलं नव्हतं. ते चिपळी शिकवूच शकत नव्हती.

"आणि बघता बघता," बुवांचा आवाज भरून आला, "त्या लेकराचा हात पाण्याच्या वर आला. एकदा. दोनदा..."

सुनंदाचे उताणे हात मिटले.

चारू उठली. पुढं येऊन चौरंगाशेजारी, गादीवर उभी राहिली. आईच्या पेटीवर ठेवलेली बुवांची चिपळी उचलून तिनं दोनदा वाजवली. टक् टक्. डबा थांबला नाही. त्या आवाजामागचा मेंदू भाद्रपदातच जळून गेला होता. डब्याला तो नुसता ताल वाटला, आणि त्यानं त्याच तालात पद उचललं.

तबलजी बावरला. तात्या हात करून तिला मागं बोलावू लागले. आणि मग पेटी थांबली. आईनं भात्यावरचा हात काढला होता.

"अहो," आई म्हणाली. नेहमीच्या आवाजात, स्वयंपाकघरातून मारावी तशी हाक. "थांबा जरा."

त्या हाकेला बुवा जन्मभर थांबत आले होते. पद तोडून डबा म्हणाला, "काय गं?"

मंडपात हलकं हसू पसरलं.

"पुढचं चारू सांगेल."

"चारू?" आवाजात तीच माया, सगळ्या घाटाला ऐकू जाईल अशी. "राहील की उभी. अजून वेळ आहे."

इतक्या लोकांसमोर! आईनं एकवार लेकीकडं पाहिलं, एकवार खांबाशी बसलेल्या सुनंदाकडं. मग हात लांब करून, झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण ओढावं तसा, तिनं ध्वनीचा खटका हळूच खाली केला.

"वेळ झाली," ती म्हणाली, आणि पेटीवर काळी दोनचा सूर धरला. तो बुवांचा सूर नव्हता. चारूचा होता.

चारूनं डोळे मिटून दत्ताचं स्मरण केलं. मग कथा जिथं सुटली होती, तिथून धरली. हात पाण्याखाली गेला होता. तो तिनं वर आणला नाही.

"नावाड्यानं साधूंना पैलतीरी पोचवलं," ती म्हणाली. "आणि मोकळी नाव घेऊन तो परत फिरला. घाटावर कुणी उभं नव्हतं. पायरीवर बसला. भजन सुचेना, रडू येईना. तेव्हा त्याच्या शेजारी एक फाटक्या कफनीचा माणूस येऊन बसला. मंडळी, तो कोण ते तुम्हाला कळलं. नावाड्यालाही कळलं. त्यानं विचारलं, 'आलास? आता काय सांगणार मला?' देवापाशी शब्द नव्हता. जगाला शब्द देणारा तो, त्याच्यापाशी त्या दिवशी एक शब्द नव्हता. तेवढ्यात पलीकडून कुणीतरी हाक मारली, 'नाव आणा हो!' नावाडी उठायला गेला. पाय उचलेना. तेव्हा देवानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, 'तू बस. वल्हं दे माझ्याकडं. आज मी नेतो.'"

तबल्यावर हलकेच ठेका आला. चारूनं पद उचललं. तिथल्या तिथं सुचलेलं, वाकडंतिकडं, 'आज मी नेतो' एवढंच ध्रुपद असलेलं. दुसऱ्यांदा म्हणताना मागचे नावाडी तिच्याबरोबर म्हणू लागले. तिसऱ्यांदा खांबापाशी एक हुंदका फुटला. सुनंदा रडत होती. शेजारच्या बाईच्या मांडीवर डोकं ठेवून, महिनाभराचं एकदम. बाया तिला धरून बसल्या, पण गप्प बस असं कुणी म्हटलं नाही.

आरती झाली. कीर्तन संपल्यावर, गादीवरून उतरायच्या आधी कीर्तनकाराच्या पाया पडायचं, लहान असो थोर असो, ही रीत. सगळ्यांच्या आधी आई उठली. गुडघे धरत चारूपुढं वाकली.

"आई, अगं!" चारूनं पाय मागं घेतले.

"गप. गादीवर आहेस," आई म्हणाली. "आत्ता तू कुणाची मुलगी नाहीस."

मागं तात्या रांगेत उभे होते. पाया पडून त्यांनी ओंजळभर बुक्का चारूच्या कपाळापेक्षा नाकालाच जास्त लावला.

*

घरी आल्यावर चारूनं मसुदा उघडला. दिवेलागणीची वेळ होती. तिनं 'अनुवर्ती' खोडलं आणि उपासनी मॅडमना फोन लावला.

"मॅडम, माणसाला नवा शब्द लागत नाही. जुना आहे तोच. मयत."

"आणि जे बोलतं ते?"

"ते त्याचं मागं राहिलेलं बोलणं. कीर्तिशेष म्हणतो ना आपण, तसं. वाचाशेष. मयत माणसाचा वाचाशेष घरच्यांनी सांभाळावा, ऐकावा, त्याच्याशी बोलावं. कुणी तो हिसकावून नेऊ नये. पण त्याची संमती घेऊ नये, हरकत ऐकू नये, त्याला कुठल्या जागेवर बसवू नये."

"व्याख्या?"

"'समोरचा माणूस पाहून ज्याला आपला शब्द मागं घेता येत नाही, असे मयत व्यक्तीचे यंत्रात उरलेले बोलणे.' कायद्याच्या भाषेत तुम्ही बसवून घ्या."

"समिती म्हणेल, असे कितीतरी जिवंत लोक आहेत," मॅडम म्हणाल्या.

"त्यांना अजून संधी आहे म्हणावं."

फोन ठेवून ती वळली, तर आई दारात उभी. सगळं ऐकलं असणार.

"नेणार नाहीत ना उचलून?" आईनं विचारलं.

"नाही. तो तुझाच."

"मग झालं." आईनं देवापुढं दिवा लावला, डबा आपल्या जागी ठेवला, आणि हार काढून देवघरातल्या पाटावर ठेवला. मग खटका वर केला.

"अहो, आज चारूनं कीर्तन केलं. सगळा घाट रडवला हिनं."

"वा!" डबा म्हणाला. "गर्दी होती का?"

"होती हो. तुम्ही असतात, तर पहिले तुम्ही उठला असतात तिच्या पाया पडायला."

हे आई सहज बोलून गेली. मग तिचं तिलाच ते ऐकू आलं असावं. तिनं दिव्याची वात पुन्हा सारखी केली. डब्यातला आवाज माठांबद्दल काहीतरी विचारत होता, त्याला तिनं "हो, ठेवले होते" असं उत्तर दिलं. मग पदराला डोळे पुसले आणि फोन उचलला.

"गुरुजी का? मी कुमुद कशेळीकर. हो, झालं छान. ऐका, आमच्या ह्यांचं दिवसकार्य राहिलंय भाद्रपदापासून, त्या सरकारी घोळात. आता करून घेऊ. चांगला दिवस बघून सांगा."

पलीकडं गुरुजी चाचरले. त्यांचा आवाज चारूला टेबलापाशी ऐकू आला. "करू की काकू. पण... बुवांना विचारलंत का?"

आईनं डब्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर हसू.

"असं काय करता गुरुजी," ती म्हणाली. "गेलेल्या माणसाला विचारून का कुणी दिवस करतं?"